निकेलच्या टाकीतला हायड्रोजन

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही प्लेटिंगच्या शेडमध्ये जा, हायड्रोजनविषयी चांगले बोलणारा माणूस सापडणार नाही. जॉब टाकीत सोडला, रेक्टिफायर चालू केला, की निकेलबरोबर थोडा हायड्रोजनही कॅथोडवर येतोच. त्याचा बुडबुडा पत्र्याला चिकटून राहिला तर तेवढ्या जागी थर बसत नाही आणि सुईच्या टोकाएवढा खड्डा उरतो. त्याला पिटिंग म्हणतात, आणि असा जॉब गिऱ्हाईक परत पाठवते. जस्ताचा थर दिलेल्या कडक पोलादी स्प्रिंगमध्ये हायड्रोजन शिरला तर प्रकरण आणखी गंभीर. वरून चकचकीत दिसणारी ती स्प्रिंग गाडीत बसवल्यावर अचानक तुटू शकते. म्हणून प्लेटिंग झाल्यावर ती दोनशे अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात. हा वायू टाळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या माणसांसाठी आणि शहरातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हे पुस्तक लिहिले आहे. पाण्यातून हायड्रोजन मुद्दाम कसा काढायचा, आणि तोही प्लॅटिनम-इरिडियमला हात न लावता, निकेल, लोखंड, मॉलिब्डेनम अशा धातूंच्या जोरावर, हा त्याचा विषय आहे.

हायड्रोजन नाशिकला नवा नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातले २१० मेगावॉटचे जनरेटर आतून हायड्रोजनने थंड ठेवतात, कारण तो हवेपेक्षा कितीतरी हलका असतो आणि उष्णता झपाट्याने वाहून नेतो. निफाड-येवल्याच्या कांद्याला आणि मक्याला पडणारा युरिया अमोनियापासून होतो, अमोनियाला हायड्रोजन लागतो. रायगड जिल्ह्यात थळला आरसीएफ या खत कंपनीचा मोठा अमोनिया कारखाना आहे. तिथे हा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. त्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे साधारण नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे हायड्रोजनवर धावणाऱ्या गाड्यांचा विचार बाजूला ठेवला तरी आपल्या शेताला आजही हायड्रोजन लागतोच. तो सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर पाण्यातून काढता आला तर खताच्या मुळाशी असलेला धूर थांबेल. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८,५६२ कोटींचे आपले धोरण मंजूर केले. आकडे मोठे आहेत. ते प्रत्यक्षात उतरणार की नाही, हे पुष्कळसे एका पातळ थरावर अवलंबून आहे. तो थर म्हणजे इलेक्ट्रोडवरचा उत्प्रेरक.

आधी विजेचा हिशेब, कारण सगळे शहाणपण त्यात आहे. एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात. हा आकडा फॅरेडेच्या नियमातून येतो आणि कोणत्याही धातूने, कोणत्याही युक्तीने तो कमी होत नाही. हातात असते ते फक्त व्होल्टेज. पाणी फोडायला सिद्धान्ताप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरतात, आणि बाहेरून उष्णता न घेता काम चालवायचे तर १.४८. प्रत्यक्षात पाणी फोडणारे यंत्र चालते १.८ ते २ व्होल्टला. म्हणजे किलोमागे ४८ ते ५३ युनिट वीज फक्त सेलमध्येच जाते, पंप आणि रेक्टिफायरचा खर्च वेगळा. आता कुणी इलेक्ट्रोडवर असा थर दिला की व्होल्टेज फक्त दशांश व्होल्टने उतरले, तर किलोमागे २.६६ युनिट वाचले. युनिटला ८ रुपये धरले तर एकवीस रुपये. ही बचत प्रत्येक किलोवर, यंत्र जगेल तितकी वर्षे होत राहते. म्हणून उत्प्रेरक स्वस्त की महाग, हे धातूच्या बाजारभावावरून ठरवणे मला चूक वाटते. व्होल्टेज किती वाचले आणि ती बचत किती वर्षे टिकली, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय ‘स्वस्त’ हा शब्द वापरूच नये. पुस्तकभर मी हाच आग्रह धरला आहे.

उत्प्रेरक काय करतो आणि काय करू शकत नाही, हेही इथेच स्पष्ट केलेले बरे. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना चढायची उंची कुणाला चुकत नाही. पण डोंगराच्या माथ्यावरून वळसा घालायचा की बोगद्यातून जायचे, एवढे मात्र आपल्या हातात असते. १.२३ व्होल्ट ही कसारा-इगतपुरीमधली उंची. तिच्या वर जे जादा व्होल्टेज द्यावे लागते तो माथ्यावरचा वळसा, आणि उत्प्रेरक तेवढाच वाचवतो. हे विसरून पाण्यावर गाडी चालवण्याचे दावे दर दोन-चार वर्षांनी होतात, त्यात हुशार, धडपडी मुले पैसे घालतात आणि पोळतात. गाडीच्याच बॅटरीने पाणी फोडून त्याच गाडीला जादा शक्ती मिळत नाही, कितीही चांगला उत्प्रेरक लावला तरी मिळणार नाही. हे वाक्य विद्यार्थ्यांनी पाठ करावे, अशी माझी इच्छा आहे.

कोणत्या धातूवर हायड्रोजन सहज सुटतो, याची शिस्तशीर मापे स्विस रसायनशास्त्रज्ञ युलियस टाफेल यांनी १९०५ मध्ये मांडली. फरक थक्क करणारा आहे. प्लॅटिनमवर हा वायू अगदी सहज सुटतो, तर शिसे आणि पारा यांच्यावर मोठ्या नाखुशीने. दोन टोकांमधला वेग कोट्यवधी पटींनी वेगळा पडतो. कथीलही नाखुशीच्याच बाजूला मोडते. नाशिकच्या भांडी बाजारातली तांब्याची पट्टी घ्या, तिच्या अर्ध्या भागाला कल्हई करून घ्या आणि एकाच द्रावणात, एकाच व्होल्टेजला दोन्ही भाग कॅथोड म्हणून आळीपाळीने लावून पाहा. अँमीटरवरच फरक दिसतो. पृष्ठभागावर चार बोटे कथील आले आणि व्होल्टेज तेच असून वायू कमी झाला, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की उत्प्रेरक म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. निकेल या यादीत प्लॅटिनमच्या बरेच खाली पण शिशाच्या फार वर येते, आणि कॉस्टिकमध्ये ते टिकते. त्याची सगळी किंमत या दोन गोष्टींच्या जोडीत आहे.

आज बाजारात पाणी फोडणाऱ्या यंत्रांची दोन घराणी मुख्य आहेत. पीईएम यंत्रात आम्लधर्मी पटल असते. यंत्र आटोपशीर, कमी-जास्त विजेला चटकन जुळवून घेणारे; पण त्या आम्लात ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियमखेरीज फारसे काही तग धरत नाही. इरिडियम जगात वर्षाला सात-आठ टन निघते, तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनमच्या खाणीतले उपउत्पादन म्हणून. एका ग्रॅमला दहा हजार रुपयांच्या वर मोजावे लागतात. आजच्या पद्धतीने एक गिगावॉट यंत्रांना साधारण ४०० किलो इरिडियम लागते. ५० लाख टनांच्या उद्दिष्टाला निदान ६० गिगावॉट यंत्रे लागतील असे धरा, आणि सगळी पीईएमची घ्यायची ठरवा. चोवीस टन होतात. अख्ख्या जगाचे तीन वर्षांचे इरिडियम एकट्या आपल्याला! वाटाघाटी करून, सवलती देऊन ही अडचण सुटणारी नाही, कारण धातूच तेवढा नाही.

दुसरे घराणे अल्कलीचे, आणि ते जुने आहे. पंचवीस-तीस टक्के कॉस्टिक पोटॅश, सत्तर-ऐंशी अंश तापमान, निकेलचे किंवा निकेल चढवलेल्या पोलादाचे इलेक्ट्रोड आणि मध्ये वायू वेगळे ठेवणारा पडदा. पूर्वी हा पडदा अ‍ॅस्बेस्टॉसचा असे. नॉर्वेत धबधब्यांच्या विजेवर असे कारखाने दुसऱ्या महायुद्धाआधीपासून चालत होते. आपल्याकडे १९६० च्या दशकात पंजाबात नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातूनच हायड्रोजन काढून खत केले, आणि त्याच्याच जोडीला १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्प उभा राहिला. हरित हायड्रोजन हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी भारतीय शेतकऱ्याने पाण्याच्या हायड्रोजनचे खत वापरले आहे, आणि ते विसरले गेले याचे मला वाईट वाटते. पुढे नैसर्गिक वायू स्वस्त मिळू लागला आणि हा मार्ग मागे पडला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मात्र अल्कलीच्या इलेक्ट्रोलायझरवरचे काम सोडले नाही. २०२४ मध्ये ५० किलोवॉटच्या यंत्राचे त्यांचे तंत्रज्ञान भेल या सरकारी कंपनीकडे देण्याचा करार झाला.

आता मूळ मुद्दा. निकेलच्या टाकीत लोखंड आले की प्लेटर अस्वस्थ होतो. एखादा स्क्रू हँगरवरून सुटून तळाशी पडलेला असतो, तो हळूहळू विरघळतो, थर खरखरीत आणि ठिसूळ येऊ लागतो. मग टाकी थांबवायची, हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचे, निकेल कार्बोनेटने पीएच चढवायचा, तांबूस गाळ बसू द्यायचा आणि फिल्टर लावायचा. लोखंड बाहेर काढणे हा या धंद्यातला नेमच आहे. १९८७ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतले डेनिस कॉरिगन यांनी याच अशुद्धीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. निकेल ऑक्साइडच्या पातळ थरावर ऑक्सिजन काढताना द्रावणात लोखंडाचा नुसता अंश असला तरी काम कितीतरी सोपे होते, असे त्यांना आढळले. जादा व्होल्टेज उतरत होते, आणि त्याचे श्रेय त्या अशुद्धीला जात होते. पण ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटली. नंतरची कित्येक वर्षे ‘निकेल हायड्रॉक्साइड उत्तम उत्प्रेरक आहे’ असे निष्कर्ष येत राहिले. २०१४ मध्ये ऑरेगन विद्यापीठात शॅनन बोचर यांच्या गटाने कॉस्टिक पोटॅश लोखंडापासून अगदी शुद्ध करून प्रयोग पुन्हा केले, तेव्हा शुद्ध निकेल चांगलेच मंद निघाले. बाटलीतल्या कॉस्टिकमध्येच लोखंडाचा अंश होता आणि तो आपसूक इलेक्ट्रोडवर जाऊन बसत होता.

आज अल्कलीत ऑक्सिजन काढण्यासाठी निकेल-लोखंडाचा थर अव्वल समजला जातो, चांगला बनवला तर तो इरिडियम ऑक्साइडलाही मागे टाकतो. तो बनवायला निर्वात भट्टी लागत नाही. निकेलची जाळी आम्लात स्वच्छ करून फेरिक नायट्रेटच्या पातळ द्रावणात बुडवली, तरी तिच्यावर पिवळसर-तपकिरी थर धरतो. तिसऱ्या प्रकरणात हा प्रयोग पायरीपायरीने दिला आहे. निकेल किलोला हजार-दीड हजार रुपयांच्या घरात आणि लोखंड त्याहून कितीतरी स्वस्त. निकेलही आपण बाहेरूनच आणतो, हे खरे. गोव्यात कुंकळ्ळीला निकेल-कोबाल्टचा एक कारखाना आहे, तो २०२१ मध्ये वेदांतने घेतला. पण निकेल जगभर लाखो टनांनी निघते, आणि जुन्या इलेक्ट्रोडवरून ते परत मिळवता येते.

हायड्रोजनच्या बाजूची कहाणीही प्लेटरला ओळखीची वाटेल. १९१६ मध्ये ऑलिव्हर वॉट्स यांनी दिलेला निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक अ‍ॅसिडचा बाथ आजही आपल्या टाक्यांत आहे. त्यात करंट प्रमाणाबाहेर वाढवला की जॉबच्या कडा जळतात. काळपट, भुसभुशीत, खरखरीत थर येतो, आणि कारागीर तो काढून टाकतो. इलेक्ट्रोडला नेमका असाच पृष्ठभाग हवा असतो, कारण खरखरीत म्हणजे जास्त क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ जास्त म्हणजे त्याच करंटला कमी व्होल्टेज. फरक एवढाच की तो पकडून राहिला पाहिजे, पोपडे सुटता कामा नयेत. मरे रेनी या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकात निकेलच्या मिश्रधातूतले अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकने खाऊन टाकून स्पंजासारखे सच्छिद्र निकेल मिळवले, ते तेलात हायड्रोजन भरण्यासाठी, म्हणजे वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी. इलेक्ट्रोडवर हेच निकेल-जस्ताचा एकत्र थर देऊन आणि मग जस्त कॉस्टिकमध्ये विरघळवून करता येते. जस्त आणि निकेल दोन्ही टाक्या एकाच छपराखाली असलेल्या शेड नाशिकमध्ये आहेत. मॉलिब्डेनम मिसळले तर कॅथोड आणखी चपळ होतो. मॉलिब्डेनम सल्फाइड, निकेल फॉस्फाइड यांवरही गेल्या वीस वर्षांत ढीगभर काम झाले. ते मी एका प्रकरणात आवरले आहे, कारण त्यातले फार थोडे प्रयोगशाळेच्या टेबलावरून खाली उतरले.

हल सेलचा उल्लेख करायलाच हवा. पाव लिटरपेक्षा थोडे जास्त, २६७ मिलिलिटर द्रावण मावणारी, एक भिंत तिरकी असलेली ही पेटी प्रत्येक चांगल्या प्लेटिंग शेडमध्ये असते. तिरक्या पत्र्याचे एक टोक अ‍ॅनोडजवळ, दुसरे लांब. म्हणून दहा मिनिटांत एकाच पत्र्यावर कमी करंटपासून जास्त करंटपर्यंतचे सगळे थर एका ओळीत उमटतात. प्लेटर त्यावरून ब्राइटनर किती घालायचा ते ठरवतो. तोच पत्रा घ्या, कापून पाच पट्ट्या करा, प्रत्येक पट्टी कॉस्टिक पोटॅशमध्ये कॅथोड म्हणून लावून व्होल्टेज मोजा. कोणत्या करंटला बसलेला निकेल-मॉलिब्डेनमचा थर सर्वांत चपळ आहे, हे एका दुपारात कळते. विद्यार्थ्याकडे सिद्धान्त असतो, कारागिराकडे हात असतो. या पेटीभोवती दोघांनी एकत्र बसावे, असे मला मनापासून वाटते.

मोजमापाबाबत मात्र मी कठोर आहे. या विषयावर जगात रोज लेख छापून येतात, आणि बहुतेकांत चाचणी चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरला, साध्या तापमानाला, एक मोलर कॉस्टिकमध्ये, काही तासांची असते. कारखान्यातले यंत्र चौरस सेंटिमीटरला २०० ते ४०० मिलिअँपिअर ओढते, द्रावण पाच-सहा पट तीव्र आणि तापते असते, आणि इलेक्ट्रोडने साठ हजार तास तरी चालावे अशी अपेक्षा असते. त्यात आणखी एक सापळा आहे. चाचणीत समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा लावला, तर तो थोडाथोडा विरघळतो आणि आपल्या स्वस्त कॅथोडवर येऊन बसतो. मग दिवसेंदिवस कॅथोड सुधारत गेल्यासारखा दिसतो आणि संशोधक हरखून जातो. प्रत्यक्षात काम करत असते ते प्लॅटिनम. म्हणून या पुस्तकातल्या एकाही प्रयोगात प्लॅटिनमची तार नाही. समोरचा इलेक्ट्रोड कॅथोडच्या चाचणीत ग्राफाइटचा किंवा निकेलचा घ्यावा.

स्टेनलेस स्टीलविषयीही सांगायला हवे, कारण घरी प्रयोग करणाऱ्यांचा तो पहिला आधार असतो. त्यात लोखंड आणि निकेल दोन्ही असल्यामुळे अ‍ॅनोड म्हणून ते सुरुवातीला झकास चालते. पण त्यातले क्रोमियम विरघळते, द्रावण पिवळे पडते, आणि तो पिवळेपणा हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे कर्करोगकारक विषाचा असतो. प्लेटिंगच्या माणसाला हा रंग लांबून ओळखता येतो. अकरावीच्या मुलाला नाही. मीठ घालून पाणी फोडायला गेले तर क्लोरीन येतो. कॉस्टिक डोळ्यात उडाले तर दृष्टी जाऊ शकते. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेतो, म्हणून दोन्ही वायू एकत्र साठवायचा प्रयोग कुणीही, कुठल्याही कारणाने करू नये. वापरलेले निकेलचे द्रावण नाल्यात सोडायचे नाही, हेही तितक्याच गांभीर्याने लिहितो. सातपूर-अंबडकडून वाहत जाणारी नासर्डी पुढे गोदावरीला मिळते. हरित म्हणवणाऱ्या कामाचा गाळ त्या पाण्यात जाऊन चालणार नाही.

पाण्याची काळजी अनेकांना वाटते, आणि नाशिकमध्ये ती वाटणे रास्त आहे. एका किलोला नऊ लिटर पाणी प्रत्यक्ष फुटते, शुद्धीकरणात जाते ते वेगळे. सिन्नरकडच्या बोअरचे क्षारयुक्त पाणी थेट चालत नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बसून इलेक्ट्रोड झाकला जातो. पण शेताच्या तुलनेत ही गरज लहान आहे. अडचण पाण्याहून जास्त विजेच्या येण्या-जाण्याची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते.

सौरपंपावर शेती करणाऱ्याला माहीत आहे की वीज सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. अल्कलीच्या यंत्रात वीज बंद झाली की अ‍ॅनोडवरचे निकेल ऑक्साइड आणि कॅथोडवर उरलेला हायड्रोजन मिळून बॅटरीसारखे वागतात, उलटा करंट वाहतो आणि कॅथोडचा थर गंजतो. एकदा-दोनदा झाले तर काही बिघडत नाही. वर्षाला ३६५ वेळा झाले तर सहा महिन्यांपूर्वी उत्तम ठरलेला थर निकामी होऊ शकतो. रात्री थोडा करंट चालू ठेवून हे टाळता येते, किंवा असा थर शोधावा लागतो जो उलटा करंट सोसेल. बहुतेक प्रयोगशाळांच्या अखंड चाचण्यांत हे दिसतच नाही. इथे नाशिकने हात घालावा. छतावर सौर पॅनेल, खाली सहा छोटे सेल, प्रत्येकात वेगळ्या थराचे इलेक्ट्रोड, रोज सकाळी ऊन चढल्यावर ठरलेल्या करंटला प्रत्येक सेलचे व्होल्टेज. रेक्टिफायर आणि स्विचगिअर बांधणारे हात या शहरात आहेत, थर देणारे आहेत, कॉलेजांत मोजणारी मुले आहेत. एका पावसाळ्यासकट पूर्ण वर्षाची अशी नोंद मराठीत किंवा इंग्रजीत कुठेही प्रसिद्ध झाली तर ती दहा नव्या मिश्रधातूंच्या शोधापेक्षा मोलाची ठरेल, असे माझे मत आहे. सेलचे आराखडे आठव्या प्रकरणात आहेत, आणि नोंदवहीचा नमुना, रोजच्या तापमानाच्या आणि कॉस्टिकच्या तीव्रतेच्या रकान्यांसह, पुस्तकाच्या अखेरीस जोडला आहे.